थांब, मी सांगते

“थांब, मी सांगते,” लिफ्टवाला म्हणाला, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या तिचं पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. शाई झिरपून एक निळा ठिपका मोठा होत गेला. वाक्य तीन शब्दांचं, पहिल्या महिन्यात शिकवतात तसलं. पण ते बोलणारा माणूस सहा फूट उंच होता, दाढीवाला होता, आणि दिवसभर शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून संध्याकाळी या वर्गात येत होता. त्याने सांगतो म्हणायला हवं होतं. म्हणाला सांगते. नुसतं क्रियापद चुकलं असतं तर तिने सवयीने समासात एक रेघ ओढली असती आणि पुढे ऐकत राहिली असती. नोकरीच ती होती तिची. पण ‘थांब’वरचा तो हलका भार, मग अर्ध्या श्वासाची फट, आणि ‘सांगते’मधला शेवटचा ‘ते’ किंचित लांबवून अलगद खाली ठेवलेला, निजलेल्याच्या डोक्याखाली उशी सरकवावी तसा. हे सगळं तिच्या आईचं होतं. आईला जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत तो आवाज तिने कुठेच ऐकला नव्हता, जुन्या टेप घरात असूनही ऐकला नव्हता, आणि आता तो भर वर्गात, दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात, एका परक्या माणसाच्या तोंडून आला होता.

तिने बाजूला पाहिलं. दुसरे परीक्षक खिशात चष्मा पुसायचं कापड शोधत होते. दुसऱ्या विद्यापीठातून खास या परीक्षेसाठी आलेले, निवृत्तीला टेकलेले व्याकरणाचे प्राध्यापक. कोणाच्याही लेखनात राहून गेलेला अनुस्वार त्यांना दहा हातांवरून दिसतो म्हणून त्यांचं नावच अनुस्वार पडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. कापड सापडलं, चष्मा पुसून झाला, नाकावर चढला. त्यांच्यापुढच्या कागदाचा समास कोरा होता. म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं. मग आपण ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं तिला वाटून गेलं, आणि त्या क्षणापुरती तिला रेघ न ओढण्याची सबब मिळाली.

वर्ग मराठीचा होता. ज्यांची ती भाषा नाही अशा बारा मोठ्या माणसांचा. विद्यापीठाच्या भाषा विभागात एकवीस परक्या भाषा शिकवल्या जात, मराठी त्यांपैकी एक, आणि त्या शिकवणारे तयार करण्याचाही एक अभ्यासक्रम होता. तो ती चालवायची. लिफ्टवाला त्या अभ्यासक्रमाचा उमेदवार. सहा वर्षांपूर्वी तो याच वर्गात पुढच्या बाकावर बसून तिच्या आईकडून मराठी शिकला होता आणि आज फळ्यासमोर उभा राहून परीक्षेचा पाठ देत होता. पाठ पास झाला तर पुढच्या सत्रापासून हा वर्ग त्याचा. नाही झाला तर कोणाचाच नाही. आई गेल्यावर कार्यालयाने उमेदवारांच्या भरवशावर वर्ग एका सत्रापुरता चालू ठेवला होता, सत्र संपायच्या आत प्रमाणपत्र असलेला शिक्षक दाखवा, नाहीतर वर्ग बंद, असं लेखी कळवलं होतं. कार्यालयातला माणूस परवाच खोलीची लांबीरुंदी घेऊन गेला होता. बंद झालेला वर्ग पुन्हा उघडल्याचं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

तिने स्वतः तो चालवायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. आई गेल्यानंतर दोन आठवडे ती उभी राहिली होती त्या फळ्यासमोर. कोणीतरी विचारलं, वेळ हा शब्द कधी ‘तो वेळ’ आणि कधी ‘ती वेळ’ असा का. तिने वीस मिनिटं नियम सांगितला. तो अचूक होता, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तो संपेपर्यंत निम्म्या लोकांनी वह्या मिटल्या होत्या. आईने याच प्रश्नाला एका ओळीत उत्तर दिलेलं तिला माहीत होतं: तो वेळ जातो, ती वेळ येते. एवढं बोलून आई खडू खाली ठेवायची आणि समोरच्यांची तोंडं बघत राहायची, एकेकाच्या चेहऱ्यावर ते उजाडेपर्यंत. त्या दोन आठवड्यांत तिला कळून चुकलं की शिकवणं म्हणजे काय हे आपल्याला समजतं, ते आईला येत होतं. हे कळल्याचं तिला दुःख झालं नाही. अशा बाईची आपण मुलगी आहोत, याने उलट छाती भरून आली होती, एका रिकाम्या वर्गात, हातात डस्टर धरून.

फळ्यावर लिफ्टवाल्याने एक उंच इमारत काढली होती आणि तिच्या एकेका मजल्यावर एकेक नातेवाईक बसवला होता. पाठाचा विषय होता ‘तुमच्या घरी कोण कोण आहे?’ चौथ्या मजल्यावर काका, पाचव्यावर मामा, सहाव्यावर आत्या, सातव्यावर मावशी. टॅक्सी चालवणारा एक विद्यार्थी कुरकुरला, आमच्याकडे या सगळ्यांचं एकाच शब्दात भागतं. लिफ्टवाला गंभीरपणे म्हणाला की इथे नाही भागत, काकांना मामा म्हटलं तर दोघेही रागावतात आणि मग जेवायला कोणीच बोलवत नाही. वर्ग हसला. अनुस्वारांनीही ओठ मुडपले. पाठ उत्तम चालला होता. शब्द आधी कानावर, मग तोंडात, मग फळ्यावर, ही आईची पायरीन् पायरी त्याने राखली होती, आणि राखूनही तो आईची नक्कल वाटत नव्हता. मी लिहितो, मी विचारतो, मी पुन्हा म्हणतो. त्याची सगळी क्रियापदं पुरुषासारखी ताठ चालत होती. आणि हेच तिला कळेना. ज्याला बाकी सगळीकडे ‘तो’ नीट येतो, त्याच्या एकाच वाक्यात ‘ते’ कुठून आला?

बाईकडून मराठी शिकलेल्या पुरुषांची ही खोड विभागात जुनी होती. शिक्षिका मी जाते, मी येते म्हणते. ऐकणारा ऐकेल तेच म्हणणार. आईच्या पहिल्या वर्गातला एक दांडगा पोस्टमन ‘मी दमले बाई’ म्हणायचा आणि आई हसू आवरायला फळ्याकडे वळायची. त्यावर तिने उपाय काढला तो बाबांना कामाला लावण्याचा. बाबा छापखान्यात होते. रविवारी सकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायचा आणि बाबांनी वाक्यं वाचायची: मी उठतो, मी दात घासतो, मी केस विंचरतो. केस विंचरतो म्हणताना बाबांचा हात टकलावरून फिरायचा आणि टेपवर त्यांचं हसू उमटायचं. पुढची पंचवीस-तीस वर्षं तो हसण्याचा तुकडा वाक्याचाच भाग आहे असं समजून विद्यार्थी तोही म्हणायचे. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. टेबलाखाली बसून, हालचाल न करता, श्वास रोखून. टेप बंद झाली की आई विचारायची, कुठे चुकलं का गं, आणि ती चूक सांगितली की आई बाबांना म्हणायची, ऐकलंत, परीक्षक बाई टेबलाखाली आहेत. ती टेप ऐकून ऐकून लिफ्टवाला पुरुषासारखं बोलायला शिकला असणार. पण बाबांनी सांगितलेली वाक्यं उठण्या-बसण्याची, बाजाराची, दवाखान्याची. ‘थांब, मी सांगतो’ असं वाक्य त्या टेपवर नव्हतंच. ते त्याने टेपवरून घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा तो ते टॅक्सीवाल्याला म्हणाला, ‘चुलतभाऊ’वर तो अडला तेव्हा. या वेळी अनुस्वारांनी रेघ ओढली, बारीक, सुईसारखी. तिनेही ओढली. मग तिच्या लक्षात आलं की पाठभर तो सगळ्यांना तुम्ही म्हणतोय, तुम्ही सांगा, तुम्ही लिहा, आणि त्या एका वाक्यात मात्र एकदम थांब. आईही वर्गात सगळ्यांना तुम्हीच म्हणायची. वाक्य अख्खंच्या अख्खं कुठूनतरी उचललेलं होतं, त्याचं त्यालाही न कळता, नदीतला गोटा खिशात राहून जावा तसं. आणि हे आईचं वाक्य, पण ते आई कधी म्हणाली? आई सांगायचीच नाही. आईने या अभ्यासक्रमासाठी नियमांची चार पानं लिहिली होती, हाताने, वळणदार अक्षरात, अजून त्यांच्याच झेरॉक्स वाटल्या जात, आणि त्यातला दुसराच नियम होता: प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा, विद्यार्थ्याचं वाक्य पुरं करायचा मोह आवरा, तुम्ही पुरं केलेलं वाक्य तुमचंच राहतं. घरी तर हा नियम पाचावर थांबत नसे. लहानपणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की आई हातातलं काम तसंच ठेवून म्हणायची, तूच सांग. आणि उभी राहायची. तिला राग यायचा, रडू यायचं, मैत्रिणींच्या आया पटकन सांगून मोकळ्या व्हायच्या. शेवटी शब्द सापडायचा. सापडला की आई मान हलवायची आणि कामाला लागायची. शाबासकी वगैरे नाही. बेचाळीस वर्षांत आई तिला एकदाही ‘थांब, मी सांगते’ म्हणाली नव्हती. हे वाक्य आईपाशी होतं आणि तिने ते या माणसाला दिलं होतं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला. मत्सर हा शब्द तिला सापडायला फार मोजावं लागलं नाही.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईची वाचाच गेली होती. सगळी नाही, वस्तू दिसायची, काय करायचं ते कळायचं, नाव तेवढं यायचं नाही. वाचा-उपचार करणारी मुलगी यायची, चित्रं दाखवायची. लेक म्हणून ती शेजारी बसलेली असायची आणि तिच्या तोंडाशी शब्द नुसते दाटून यायचे, आईच्या हातात ठेवून द्यावेत असं व्हायचं. एकदा न राहवून तिने ‘कप’ सांगून टाकलं. आईने चांगला असलेला डावा हात उचलला, तळवा तिच्याकडे करून. वर्गात मागच्या बाकावरून कुजबूज आली की करायची तसा. त्यानंतर एक दुपार. खिडकीचं चित्र. तिने मनात मोजायला सुरुवात केली, तिशीनंतर मोजणं सोडलं. आईचा जबडा हलत होता, कपाळावर घाम होता, आणि मग शब्द आला, तुटका, पण पुरा: खिडकी. आईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, ती खिडकी तिनेच भिंत फोडून बसवली असावी तसं. त्या नजरेपुढे तिला आपलं सगळं शिक्षण, आपल्या पदव्या, आपले शोधनिबंध फिके वाटले होते. आई गेली तेव्हा भेटायला आलेले लोक, फार सोसलं हो त्यांनी, असं म्हणत. ती मान हलवायची आणि मनात म्हणायची, सोसलं नाही. आई शिकत होती.

तिसऱ्यांदा तो ते वाचनालयातल्या बाईंना म्हणाला. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, सत्रभर कोणी विचारल्याखेरीज तोंड न उघडलेल्या. तुमच्या घरी कोण कोण आहे, त्याने विचारलं. बाईंनी ओठ ओले केले, फळ्यावरच्या मजल्यांकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे. तिच्या मनात एक, दोन, तीन झाले. आणि तिच्या लक्षात आलं की आपण उत्तराची वाट पाहत नाही आहोत. आपण त्या वाक्याची वाट पाहतो आहोत. तो चुकावा म्हणून आपण कान टवकारून बसलो आहोत. ते आलं. थांब, मी सांगते. माझ्या घरी माझा भाऊ आहे. म्हणा. बाई म्हणाल्या, माझ्या घरी माझा भाऊ आहे. तिने डोळे मिटून घेतले आणि ‘ते’चा शेवट विरेपर्यंत उघडले नाहीत. उघडले तेव्हा अनुस्वारांनी दुसरी रेघ ओढलेली होती. मग तिनेही ओढली.

पाठ संपला. नियमाप्रमाणे आधी उमेदवार बोलणार. हाही आईचाच नियम: जी चूक उमेदवार स्वतः ओळखेल ती परीक्षकांनी धरायची नाही. वर्ग रिकामा झाल्यावर लिफ्टवाला खुर्ची ओढून समोर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि स्वतःचा पाठ स्वतःच उलगडायला लागला. चार मिनिटं जास्त लागली. उजवीकडच्या रांगेला प्रश्न कमी गेले. मावशीतला ‘शी’ फळ्यावर ऱ्हस्व काढला होता, नंतर सुधारला. अनुस्वारांनी विचारलं, आणखी काही? हे एकदा विचारायची मुभा होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. नुसतं भुवई उचलून दाखवलं असतं तरी तो समजला असता. आईचा विद्यार्थी होता. तिने चेहरा दगडासारखा ठेवला. तो विचार करून म्हणाला, नाही, बस. आणि बाहेर गेला.

अनुस्वारांनी टोपण लावलं. “सुरेख पाठ. दोन चुका आहेत, दोन्ही एकच. दोनाला आपण शेरा लिहितो, पाठ पाडत नाही. कर सही. तुझ्या आईचा वर्ग वाचला.” ते खरोखर खूश होते. आईशी वीस वर्षं ते भांडत आले होते, टेबल नपुंसकलिंगी का आणि खुर्चीने असं काय पुण्य केलं यावर, आणि दरवर्षी परीक्षेला मात्र न चुकता येत होते.

तिच्यापुढच्या कागदावर दोन रेघा होत्या आणि एक निळा ठिपका. ठिपका म्हणजे काहीच नाही. पेन गळलं म्हणता येईल. तिसरी चूक तिच्या एकटीच्या कानात होती. बाराजणांच्याही होती म्हणा, पण त्यांना ती चूक आहे हे ठाऊक नव्हतं, आणि तीन चुकांना पाठ पुन्हा, या नियमाच्या खाली आईने कंसात लिहिलं होतं ते नेमकं हेच: शिकवणाऱ्याची चूक बारा तोंडांत जाते. गप्प राहिलं तर वर्ग राहणार. आणि ते वाक्य राहणार. हे दुसरं तिला जास्त भिववत होतं. वर्षानुवर्षं ती कधीही मागच्या बाकावर येऊन बसू शकेल आणि आई ऐकू शकेल, चुकीच्या क्रियापदात जपलेली. कोणाचं काय बिघडणार होतं?

“सर, तीन आहेत,” ती म्हणाली.

“मी दोन ऐकल्या.”

“पहिल्या वेळी तुम्ही चष्मा पुसत होतात.”

“मी चष्म्याने ऐकत नाही गं.” मग त्यांनी तिच्या कागदावरचा ठिपका पाहिला, आणि बराच वेळ पाहिला. “अगं, तीन म्हणजे पाठ पुन्हा. सत्र संपायला तीन आठवडे. तेव्हाही अडला तर?”

“तर अडला.”

“तुझी आई असती तर तिनेही कदाचित...”

“ती असती तर दुसऱ्या चुकीलाच उठून गेली असती,” ती म्हणाली, आणि ते हसले, आठ महिन्यांत तिच्यासमोर आईवरून मोकळं हसलेलं पहिलं माणूस. “वीस वर्षं तिच्याशी भांडलो,” टोपण पुन्हा काढत ते पुटपुटले. “वाटलं होतं सुटलो.” आणि त्यांनी तिसरी रेघ ओढली.

निकाल सांगायला ती एकटीच बाहेर गेली. लिफ्टवाला कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. तिने वाक्य सांगितलं, तीन वेळा म्हणालात म्हणून सांगितलं. “मी असं म्हणाले?” तो म्हणाला, आणि स्वतःचंच ऐकून त्याने तळवा तोंडावर दाबला. दाराआडून अनुस्वारांचा खोकला ऐकू आला, जो खोकला नव्हता. लिफ्टवाल्याला आधी हसू आलं, मग ते थांबेना, मग तो डोळे पुसायला लागला. म्हणाला, सासूबाई मला जावईबाई म्हणतात, सगळ्यांना सांगतात आमचे जावईबाई आले म्हणून. मला वाटायचं लाडाने म्हणतात. आज कळलं.

“क्रियापदाचं सर बघतील,” ती म्हणाली. “मला एक विचारायचंय. आई हे तुम्हाला कितीदा म्हणाली होती?”

तिने मोजलं नाही, पण थांबली.

“एकदाच, ताई,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याची बायको मराठी. ती असेपर्यंत त्याला भाषेची गरज पडली नाही. तीच दोन्हीकडची बोलायची. ती गेली आणि घरात राहिले तो आणि तिची आई, एकमेकांना एक शब्द न कळणारी दोन माणसं, एका टेबलाशी. चार महिन्यांनी त्याने वर्गात नाव घातलं. तिसऱ्याच आठवड्यात हा पाठ आला, तुमच्या घरी कोण कोण आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या घरी माझी बायको, आणि पुढचं क्रियापद त्याला सापडेना. म्हणजे माहीत होतं. दोन होती, त्यातलं कुठलं ते तोंडातून निघेना. बाई थांबल्या. खूप थांबल्या. मग फळ्यापासून चालत त्याच्या बाकापाशी आल्या, म्हणाल्या, थांब, मी सांगते, आणि त्याची वही ओढून तीत लिहिलं: माझ्या घरी माझ्या बायकोची आई आहे. “मी ते मोठ्याने वाचलं,” लिफ्टवाला म्हणाला. “घरी जाऊन त्यांनाही वाचून दाखवलं. माझं पहिलं मराठी वाक्य, घरातलं.”

खाली कोणीतरी जिन्याचं दार आपटलं. तिला आई बाकापर्यंत चालत जाताना दिसली, ती किंचित डाव्या अंगाने झुकती चाल, खडूची बोटं पदराला न लागावीत म्हणून दूर धरलेली. म्हणजे आईला कळत होतं कुठे मोजणं सोडायचं. तुम्हीवरून तूवर यायचं तिच्याजवळ एकच कारण होतं, आणि सहा वर्षांत ते एकदा आलं. आपल्यावर ती वेळ आईने येऊ दिली नव्हती, किंवा आपला शब्द आपल्याला सापडेलच असा आपल्यावर तिचा भरवसा होता. काहीही असो, मत्सर कुठे गेला ते तिला कळलं नाही. उरला होता तो अभिमान, जवळजवळ असह्य, छातीत न मावणारा.

“तिने एकदा सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्ही चाळीस मिनिटांत तिघांना सांगितलंत. चुलतभाऊ शब्द अडला म्हणून. वाचनालयातल्या बाईंना तुम्ही भाऊ देऊन टाकलात. त्यांना भाऊ आहे?”

त्याने वर्गाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “माहीत नाही.”

“तीन आठवड्यांनी, याच वर्गावर,” ती म्हणाली. “हाच पाठ.”

ते तीन आठवडे तिने आईच्या घरात काढले. आजारपणात राहायला आली ती परत गेलीच नव्हती. स्वतःचं घर सोडून दिलं होतं, आणि तरी कोणी पत्ता विचारला की ती म्हणायची, आईकडे असते. संध्याकाळी घरी आल्यावर ती ते वाक्य म्हणून पाहायची. क्रियापद तिला बरोबर होतं, तिच्यात काही चुकत नव्हतं, आणि तरी ते तिच्या तोंडात शिकवल्यासारखं यायचं. शेवटचा ‘ते’ खाली ठेवता यायचा नाही, निसटायचा. मग ती म्हणायची सोडून द्यायची. कार्यालयातून दोनदा फोन आला, शिक्षकाचं नाव कळवा म्हणून. तिने सांगितलं, शेवटच्या दिवशी कळवीन. ती लिफ्टवाल्याला भेटली नाही, एक सूचनाही दिली नाही. मनात मात्र एकच हिशेब उलटसुलट चालायचा: तो सांगते म्हणाला तर वर्ग जाणार, सांगतो म्हणाला तर वर्ग राहणार आणि आईचा आवाज जिवंत असलेली शेवटची जागा आपणच दुरुस्त करून टाकलेली असणार.

शेवटच्या दिवशी तीच इमारत फळ्यावर उभी राहिली, तेच मजले. टॅक्सीवाला चुलतभावावर या वेळीही अडला. लिफ्टवाला थांबला, आणि टॅक्सीवाल्याने स्वतःच्या कपाळावर बुक्की मारत तो शब्द बाहेर काढला. अनुस्वारांच्या समासात काही नव्हतं. मग वाचनालयातल्या बाई. तुमच्या घरी कोण कोण आहे? बाईंनी ओठ ओले केले. पाच झाले. दहा झाले. खोलीत दिव्याची बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. कोणीतरी बाकाखाली पाय हलवला. पंधराव्याला लिफ्टवाल्याचे ओठ उघडले. त्यांचा आकार तिने ओळखला, जीभ दातांना टेकलेली, ‘थ’ तयार. सांगतो की सांगते, या घडीला तिला दोन्ही नको होतं. त्याने ओठ मिटले. मग त्याने एक खुर्ची ओढली आणि बाईंच्या समोर, त्यांच्या नजरेच्या उंचीवर, बसला. घाई नसलेल्या माणसासारखा. अनुस्वारांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. तिने मोजणं सोडलं.

“माझ्या घरी,” बाई म्हणाल्या. फळ्यावरच्या काकांकडे, मामांकडे, सगळ्या भरल्या मजल्यांकडे त्यांनी एकदा पाहून घेतलं. “माझ्या घरी मी आहे.”

मागे कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. बाईंची मान वर होती. आपण उत्तर चुकवलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विचारलं तेवढं आणि खरं ते त्यांनी सांगितलं होतं. लिफ्टवाल्याने वा म्हटलं नाही, की आणखी कोणी नाही का असं विचारलं नाही. त्याने खडू पुढे केला. बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि इमारतीच्या एका रिकाम्या मजल्यावर, टाचा उंचावून, लहान गोल अक्षरात लिहिलं: मी.

अनुस्वार तिच्याकडे झुकले. “कर्ता आहे, क्रियापद आहे, मेळ आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मला काही सापडत नाही बुवा. तुझं काय?”

तिने कागद सरळ केला. चुकांच्या रकान्यात शून्य घातलं. निकालाच्या रकान्यात उत्तीर्ण लिहिलं. शेऱ्याचा रकाना मोठा होता, चार ओळींचा, आणि एरवी तो तिला पुरायचा नाही. तिने त्यात एकच वाक्य लिहिलं, माझ्या घरी मी आहे, सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढली, आणि त्याखाली सही केली.